डोंगराचा मधला भाग

डोंगराच्या शिखरावर पांढरा रंग सांडला तो माझ्या पायानं. डबा परांचीच्या फळीवर होता, मीही परांचीच्या फळीवर होतो, आणि दोघांना पुरेल इतकी ती फळी रुंद नव्हती. डबा कलंडला. रंग शिखरावरून कड्यावर आला, कड्यावरून रानात शिरला आणि शेवटी खाली उभ्या असलेल्या मॅनेजरच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन विसावला.

हा डोंगर भिंतीवर रंगवलेला होता, हे आधी सांगायला हवं होतं. खऱ्या डोंगरावर मी काही सांडलेलं नाही.

पडदेमामा माझ्या खालच्या फळीवर बसून झाडं रंगवत होते. त्यांच्या टकलावर आणि एका कानावर पांढरे थेंब पडले. त्यांनी सावकाश वर पाहिलं. आता आपली धडगत नाही अशी मी मनाची तयारी केली.

"इथं बर्फ पडत नाही," मामा म्हणाले, आणि ओलं फडकं शोधायला लागले.

मामांचं सगळं बोलणं असंच असतं. रागावले आहेत की माहिती देत आहेत, ते कळत नाही. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते आणि त्यांची थोरली बहीण. बहिणीला सगळी गल्ली ताई म्हणते. भावाला सगळी गल्ली मामा म्हणते, पण ते नक्की कुणाचे मामा हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, कारण ताईंनी लग्न केलं नाही आणि दुसरी बहीण नाही. 'पडदे' हे मात्र कमावलेलं आहे. फोटो स्टुडिओत माणसाच्या पाठीमागे जो रंगवलेला पडदा टांगतात, तो मामांचा धंदा. हंसांचं तळं, संगमरवरी जिना, विमानाचा दरवाजा, कारंजं, चंद्र. गिऱ्हाईक मागेल ते. मात्र तळ्यामागे, जिन्यामागे आणि विमानामागेही एक डोंगर असायचाच, आणि तो आमच्या गावाबाहेरचा असायचा. एका स्टुडिओवाल्यानं समुद्राचा पडदा मागवला होता. त्यातही डोंगर आला. समुद्रात हा कुठून उगवला, असं त्यानं विचारलं, तेव्हा समुद्र मी पाहिलेला नाही, डोंगर पाहिलेला आहे, एवढाच खुलासा त्याला मिळाला. गावातल्या निम्म्या लग्नांच्या फोटोंत हा डोंगर आहे. आमच्याही आहे. तो बरोबर माझ्या डोक्यातून वर निघालेला दिसतो, आणि माझ्या डोक्यातून निघालेली तेवढीच एक भव्य गोष्ट आहे असं बायको पाहुण्यांना सांगते.

पडदा रंगवायची एक रीत असते. ती मामा नवख्यालाही बजावून सांगत. कडेकडेनं जीव ओतून काम करायचं आणि मधे नुसता धूर सोडायचा. फिकट राखाडी, जरा तपकिरी, बस. मधे गिऱ्हाईक बसतं. तिथं हौसेनं हरीण काढलंत तर ते फोटोत गिऱ्हाइकाच्या कानातून बाहेर येतं. मामांनी उभ्या आयुष्यात किती पडदे रंगवले देव जाणे, पण एकाच्याही मधोमध काही नाही.

पुढे कॉम्प्युटर आले आणि गिऱ्हाइकाच्या मागे पाहिजे तो देश बटण दाबून यायला लागला. मामा दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर रंगवायला लागले. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रारी हे खातं त्या घरात ताईंकडे होतं, आणि ताई त्या डोंगराला सांगत.

हे जरा नीट सांगतो. आमचा डोंगर काही फार उंच नाही. त्याच्यावर देऊळ नाही, कुण्या साधूनं तिथं तप केल्याचं ऐकिवात नाही, त्याची गोष्टसुद्धा नाही. तरी माणसं तिकडे फिरायला गेली की आपोआप हळू बोलतात. वाटेत कडाकडा भांडत आलेलं जोडपं पायथ्याशी पोचल्यावर कुजबुजत भांडायला लागतं. पहाटे तो आधी निळा असतो, मग जांभळा, आणि मग थोडा वेळ असा काही होतो की त्या रंगाला काय म्हणायचं यावर मामांचं आणि त्याचं अजून एकमत झालेलं नाही. मग सूर्य त्याच्या मागून वर येतो, डोंगर साधा डोंगर होतो आणि लोक कामाला लागतात.

ताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट त्याच्यासमोर. आईवडील लवकर गेले तेव्हा ताई शाळेतून निघाल्या आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायला बसल्या. कॉलर शिवून शिवून त्यांनी भावाला वाढवलं. रोज पहाटे चहाचं आधण ठेवायच्या, खिडकीशी उभ्या राहून हात जोडायच्या, आणि मग स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन डोंगराशी बोलायच्या. आम्हाला खाली नुसती गुणगुण ऐकू यायची. ती प्रार्थना असावी असं समजून बायकोनं एकदा त्यांच्याकडे शब्द लिहून मागितले. ताई म्हणाल्या, अगं, शब्द कसले, घरचंच सांगते. गुडघा, शेजारीण, कारखान्यातला मुकादम, हा बाळ नीट जेवत नाही. बाळ म्हणजे मामा. देव सोडून डोंगर कशाला, असंही बायकोनं विचारलं. ताईंचं म्हणणं असं की डोंगर सगळं ऐकून घेतो आणि वर सल्ला देत नाही. बायको घरी आली ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

तर अशा त्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडे, कोल्ड स्टोरेज उभं राहिलं. बटाटे आणि सफरचंदं थंड ठेवायची इमारत. तिला खिडक्या नसतात, बटाट्यांना बाहेर बघायचं नसतं. आधी डोंगराचा पायथा गेला, मग कंबर गेली. शेवटी काही दिवस नुसतं टोक उरलं होतं, तेव्हा ताई टाचा उंचावून टोकाशी बोलत. मग तेही गेलं आणि खिडकीत एक आडवीतिडवी पसरलेली करडी भिंत उरली.

आम्ही उपाय सुचवले. गच्चीवर जा, म्हटलं. गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे असतात आणि सगळ्या बिऱ्हाडांचे कान असतात, आणि गुडघा जिना चढू देत नाही. रिक्षा करून डोंगराकडेच जा, म्हटलं. म्हणजे मी बोलणार आणि रिक्षावाला मीटर चालू ठेवून ऐकणार, ताई म्हणाल्या.

मग त्यांनी आपला उपाय काढला. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, मामांना पाटावर बसवलं, चहा हातात दिला आणि जे डोंगराला सांगायचं ते मामांना सांगायला सुरुवात केली.

मामा दुसऱ्याच दिवशी सकाळी सकाळी आमच्याकडे खाली आले.

"ताई बोलते," ते म्हणाले.

मग बोलू द्या की, मी म्हटलं.

"माझ्याशी बोलते."

त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे ते मला कळेना. हळूहळू कळलं. मामांना ऐकण्याचा सराव नव्हता. ताईंनी गुडघ्याचं काढलं की ते तेल सुचवत. शेजारणीचं काढलं की सोडून दे म्हणत. ताई मुकादमाबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा मुकादम वारला, हे त्यांनी ताईंच्या लक्षात आणून दिलं. डोंगरानं आजवर असं काही केलं नव्हतं. तरी ताईंनी नेट सोडला नाही. दुसरं कुणी नव्हतंच.

आणि मग एके सकाळी मामा आमच्या पायरीवर येऊन बसले ते कपासकट. चहा तसाच, वर साय धरलेली. मी बराच वेळ हवापाण्याचं बोललो. शेवटी ते म्हणाले, "मी लहान असतानाचं काहीतरी सांगत होती. आपलं सगळं कसं ठरलं ते. डोंगराला केव्हाच माहीत होतं. मला आज कळलं."

काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण ऐकताना त्यांचा चेहरा जो काय झाला असेल तो ताईंनी पाहिला असणार, कारण त्या दिवसापासून त्यांनी मामांनाही सांगणं बंद केलं. चहा व्हायचा, दार उघडंच असायचं, आणि वरून आवाज यायचा तो नुसता कपबशीचा. बायको दोनदा वर जाऊन आली. ताई बऱ्या आहेत, पण विचारलं तेवढंच बोलतात, म्हणाली. ज्यांच्याकडून आम्ही आजवर एका प्रश्नाला चार उत्तरं ऐकत आलो, त्या ताई विचारलं तेवढंच बोलत होत्या. हे काही लक्षण बरं नव्हतं.

मग एके दिवशी मामा उठले आणि थेट कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरकडे गेले. तुमच्या भिंतीवर डोंगर काढून देतो, म्हणाले. मॅनेजर व्यवहारी माणूस. कोरी भिंत दिसली की लोक तिच्यापुढे कशासाठी थांबतात हे त्याला रोज दिसत होतं. तो कबूल झाला, अट एकच, की वर आकाशात कोल्ड स्टोरेजचं नाव आणि फोन नंबर यावा. मामांनी आकाश देऊन टाकलं.

मला त्या दिवसांत रजा होती आणि बायकोला मी घरात नको होतो, म्हणून मी हाताखाली गेलो. बर्फाचा प्रकार सोडला तर माझ्याकडून विशेष नुकसान झालं नाही. मामा मात्र झपाटल्यासारखे काम करत होते. माथ्याचा कातळ असा उतरला की त्याच्यावर हात ठेवला तर गार लागेल. पायथ्याची झाडं एकेक करून उभी राहिली. शिखरामागे तो पहाटेचा रंगही त्यांनी आणला, ज्याच्याबद्दल एकमत नव्हतं. काम संपून परांची उतरवली तेव्हा सगळी गल्ली जमली. दोघातिघांनी चपला काढून हात जोडले. मॅनेजरला वाटलं आपल्यालाच जोडले, म्हणून त्यानंही उलट जोडले.

ताईंना मामांनी खिडकीशी आणून उभं केलं. मी मागे उभा होतो, हातावरचा रंग खरवडत. ताईंनी पदर सारखा केला. पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हात काही जोडले नाहीत.

"मधे काय आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी पाहिलं. वर कातळ, खाली झाडं, आणि मधे धूर. फिकट राखाडी, जरा तपकिरी. चार मजली डोंगराच्या मधोमध मामांनी गिऱ्हाइकाला बसायला जागा सोडली होती.

"तिथं कोण बसणार होतं रे, बाळ?"

 सवय, असं मीच त्यांच्या वतीनं पुटपुटलो.

ताई रागावल्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "माथ्याशी कोण बोलतं? माथा लांब असतो, त्याला खालचं कळत नाही. पायथ्याशी माणसांची वर्दळ. मी मधल्याशी बोलते. तो नाहीये यात." आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

त्या दिवशी मामांच्या ध्यानात आलं की डोंगराचा मधला भाग आपण पाहिलेलाच नाही. खरं वाटत नाही, पण तसंच होतं. त्यांनी घरातले जुने फोटो काढले, आमच्याकडचे मागून नेले. प्रत्येक फोटोत डोंगर होता आणि प्रत्येकाच्या मधे कुणाचे तरी काका बसलेले. काकांच्या मागे काय असतं याचा विचार करण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही चालत गावाबाहेर गेलो. डोंगरासमोर कालवा आहे, त्याच्या कठड्यावर बसलो. मामांनी सोबत रंग, कागद, पेन्सिल काही आणलं नव्हतं. मी टोस्ट आणले होते.

सूर्य मागे होता तोवर डोंगर नुसता निळा-जांभळा होता. मग कडा उजळल्या, माथा उजळला, दोन्ही बाजूंनी ऊन खाली उतरलं, आणि मधला भाग तसाच सावलीत राहिला. तिथं ऊन शेवटी पोचतं हे मलाही माहीत नव्हतं. ऊन पोचलं तेव्हा जे दिसलं ते म्हणजे गवत. वाळलेलं, दाट, गुडघाभर गवत, आणि त्यात एक खोलगट घडी, कुणी मांडी घालून बसल्यावर पडते तशी. एक पायवाट तिच्यात शिरत होती आणि बाहेर येताना दिसत नव्हती. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झुकायचं, रंग बदलायचं, आणि वारा गेला की पुन्हा सावरून बसायचं. आवाज येत नव्हता. तेवढ्या लांबून येणारही नव्हता. तरी मी कान देऊन बसलो होतो.

अशा ठिकाणी माझं मन भरून येतं आणि भरून आलं की मला बोलावं लागतं. निसर्गापुढे माणूस किती लहान असतो, असं काहीसं मी सुरू केलं. मामांनी मला जरा सरकायला सांगितलं, माझं डोकं मधे येत होतं. ते खरंच मधे येत होतं. मी सरकलो आणि टोस्ट खाल्ले.

दुपार झाली. कालव्यावर म्हशी येऊन गेल्या. मामा हलले नाहीत. ऊन कलायला लागलं आणि त्या घडीत पिवळं होऊन साठलं, तेव्हा ते म्हणाले, "हा वाकलेला आहे."

कोण, मी विचारलं.

"मधे. जरा पुढे वाकलाय. समोरचा हळू बोलत असला म्हणजे वाकतो ना माणूस, तसा. मी जन्मभर ताठ काढला याला."

मी पाहिलं. डोंगर वाकलेला होता. मामांनी सांगायच्या आधी होता की नाही ते शपथेवर सांगता येणार नाही, पण त्या संध्याकाळी होता, आणि आजही मला तो तसाच दिसतो. परत येताना दोघेही हळू बोलत होतो. बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी हळू.

मधला भाग मामांनी पुन्हा परांची बांधून एकट्यानं रंगवला. मला परांचीखाली उभं राहायचीही परवानगी नव्हती, आणि मॅनेजरनं स्कूटर दुसऱ्या गल्लीत लावली होती. गवत आलं, घडी आली, पायवाट आली. सपाट भिंत पुढे कशी वाकवली ते मामांनाच ठाऊक, पण खालून चालणाऱ्याला वाटायचं की आपल्याला हा काहीतरी विचारतोय.

ताईंनी पहाटे खिडकीतून पाहिलं. गवत जरा जास्तच पिवळं झालंय, म्हणाल्या. आधण ठेवलं. हात जोडले. आणि मामांना बाहेर काढून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

खाली आम्ही दोघं अंथरुणात उठून बसलो. वरून गुणगुण येत होती. किती दिवसांचं साचलं होतं कोण जाणे, चहाचं पाणी आटेपर्यंत ती चालली होती. बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि मला गप्प बस म्हणाली. मी काहीच बोललो नव्हतो.

आता मामांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ते कप घेऊन पुन्हा आमच्या पायरीवर.

काय झालं, मी विचारलं.

"दार लावलं."

तुम्हाला तेच तर हवं होतं.

"हो," मामा म्हणाले, आणि चहावर साय धरेपर्यंत बसून राहिले.

असं काही दिवस चाललं. एकदा पाटावर बसून ऐकलेलं माणूस, त्याला आता बंद दाराबाहेर करमेना. हे त्यांच्या तोंडून यायला पुढचा जन्म उजाडला असता. शेवटी बायकोनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला. म्हणाली, मामा, इथं बसून काय होणार, वर दाराशी जाऊन बसा. काही सुचवू नका, काही दुरुस्त करू नका. नुसते बसा.

सूनबाई सांगते म्हणजे करावं लागेल, अशा चेहऱ्यानं मामा वर गेले. बंद दाराबाहेर पाट टाकून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्या दिवशीही. ताईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एका सकाळी चहा द्यायला दार उघडलं ते लावायचं राहिलं, किंवा लावलं नाही.

आता रोजचं असं आहे. ताई खिडकीकडे तोंड करून बोलतात, भिंतीवरच्या डोंगराशी, मागचा खरा तर आहेच. मामा मागे पाटावर बसलेले असतात. गुडघ्याचा विषय निघतो, पण तेलाचा निघत नाही. मुकादमही परत आला आहे आणि तो वारल्याचं कुणी ताईंना सांगत नाही. बसण्यात मामा थोडे पुढे वाकलेले असतात असं बायको म्हणते. मी पाहिलेलं नाही, मला वर जाऊ देत नाहीत.

परवा सुट्टीच्या दिवशी मामा पायरीवर बसून ब्रश धूत होते. मूड बरा दिसला. एक प्रश्न इतके दिवस माझ्या जिभेवर वळवळत होता. मी म्हटलं, एवढी परांची चढलो, एवढे डबे वाहिले, मला विचारायचा थोडा तरी हक्क असेल. मामा, त्या दिवशी ताईंनी तुम्हाला लहानपणचं ते काय सांगितलं होतं?

मामांनी ब्रश झटकला. भिंतीचं माप घ्यावं तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू काय डोंगर आहेस?"